नाटकवेड्या किशोराची विनोदी कादंबरी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

तोंडाला रंग लागलेल्या पंधरा-सोळा वर्षांच्या मुलाची किंवा मुलीची गोष्ट लिहायला घेतलेल्यांसाठी ही प्रश्नोत्तरं आहेत. अशा कादंबऱ्या आवडीने वाचणाऱ्यांनाही त्यातलं बरंच काही उपयोगी पडेल. उत्तरं एकसारख्या लांबीची नाहीत. लिहिणारे जिथे हमखास अडतात, तिथे मी जास्त रेंगाळले आहे.

हा प्रकार नवा आहे का?

मुळीच नाही. वयात येण्याच्या कादंबरीचा मूळ नमुना म्हणून ज्या पुस्तकाचं नाव घेतात, ते जर्मन लेखक गटेचं 'विल्हेल्म माइस्टर' 1795-96 मध्ये आलं, आणि त्याचा नायक नाटकवेडाच आहे. हा व्यापाऱ्याचा मुलगा. लहानपणी घरात बाहुल्यांचा खेळ बघतो आणि तिथून लागलेलं वेड त्याला नटांच्या टोळीपर्यंत आणि पुढे हॅम्लेटच्या भूमिकेपर्यंत नेतं. पहिल्याच भागात तो आपल्या प्रेयसीला त्या बाहुल्यांची हकिकत इतकी सविस्तर सांगतो, की ऐकता ऐकता तिचा डोळा लागतो. ती स्वतः नटी आहे, तरीही! सांगणाऱ्याने जीव ओतलेला, ऐकणारीला झोप आवरत नाही, आणि वाचकाला राग मात्र दोघांचाही येत नाही. सव्वादोनशे वर्षं झाली, या प्रकारातला विनोद अजून याच जागेवरून उगवतो.

नायक नाटकवेडाच कशाला? चित्रकार किंवा गायक का नको?

चालेल की. पण चित्र दार लावून काढता येतं, नाटक एकट्याने करता येत नाही. नायकाला ज्यांच्याशी पटत नाही, जे त्याच्याहून चांगलं काम करतात, जे त्याच्याकडे ढुंकून बघत नाहीत, अशा सगळ्यांबरोबर त्याला रोज संध्याकाळी एकाच खोलीत उभं राहावं लागतं. लेखकाला एवढं आयतं भांडवल दुसरीकडे मिळत नाही.

शिवाय नाटक स्वतःचं वेळापत्रक घेऊन येतं. भूमिकांची निवड, वाचन, उभ्या तालमी, रंगीत तालीम, प्रयोग. प्रयोगाची तारीख हलत नाही, त्यामुळे गोष्टीला आपोआप ओढ येते.

आणि एक गोष्ट मला सगळ्यात मोलाची वाटते. ज्या मुलाला घरात साधा गॅस बंद केला का म्हणून तीनदा विचारतात, त्याच मुलाला तालमीत राज्य सांभाळायचं असतं, मुलींमध्ये वाटून द्यायचं असतं, वादळात वेडं व्हायचं असतं. दिवसा कोणी विश्वास टाकत नाही आणि संध्याकाळी शेक्सपिअरच्या ऐंशी वर्षांच्या लिअर राजाचं दुःख अंगावर येतं. या दोन्हींमधलं अंतर हसवतं आणि आत कुठेतरी लागतंही.

विनोद नेमका कुठून येतो?

नायकाच्या गांभीर्यातून. तो विनोदी बोलतो म्हणून नव्हे.

याचं सुरेख उदाहरण कादंबरीत नाही, अभिनयाच्या पाठ्यपुस्तकात आहे. रशियन दिग्दर्शक स्तानिस्लाव्हस्कीचं अभिनयावरचं पुस्तक इंग्रजीत 1936 मध्ये आलं. ते लिहिलंय एका विद्यार्थ्याच्या रोजनिशीच्या रूपात. या कोस्त्याला पहिल्या परीक्षेसाठी ऑथेल्लो, म्हणजे शेक्सपिअरचा काळा सेनापती, करायचा असतो. खोलीत मिळेल त्या वस्तूंनी तो सजतो: कागद कापायची सुरी कंबरेला खंजीर म्हणून, टॉवेलचा फेटा, जेवणाच्या खोलीतला मोठा ट्रे म्हणजे ढाल. चेहरा काळा करायला चॉकलेट आणि लोणी. आरशासमोर दात विचकून तो वाघासारखा गुरगुरतो आणि आपण भूमिकेच्या गाभ्यापर्यंत पोचलो अशी त्याची खात्री पटते. मग तालमीला उशिरा पोचून सगळ्यांना ताटकळत ठेवल्याबद्दल बोलणी खातो.

इथे लेखकाने एकही कोटी केलेली नाही. कोस्त्याला गंमत दिसत नाही, कारण त्याला तिथे खरोखर ऑथेल्लो दिसतोय. आपल्याला टॉवेल दिसतो. वाचकाला दोन्ही एकदम दिसायला हवं, ऑथेल्लोही आणि टॉवेलही.

नाट्यशास्त्रात हास्यरसाचे दोन भेद सांगितले आहेत. स्वतः हसतो ते आत्मस्थ, दुसऱ्याला हसवतो ते परस्थ. या कादंबरीला हे वर्गीकरण चपखल बसतं. सुरुवातीला नायकामुळे इतरच हसतात आणि का हसतात ते त्याला कळत नाही. पुढे कधीतरी आपल्याच एखाद्या करामतीवर त्याला मनापासून हसू फुटतं. ते हसू कोणत्या पानावर यायचं हे ठरलं, की निम्मी कादंबरी ठरली असं मी मानते. मोठं होणं दाखवायला त्यानंतर भाषणं लिहावी लागत नाहीत.

नायकाची टिंगल केल्यासारखं वाटतंय. काय चुकतंय?

बहुतेक वेळा एकच: नायकाला अजिबात अभिनय येत नाही असं दाखवलेलं असतं. मग प्रत्येक प्रसंग म्हणजे पुन्हा एकदा फजिती, आणि वाचकही तिसऱ्या प्रकरणात कंटाळतो.

त्याला एक गोष्ट खरंच चांगली येऊ द्या. आवाज असेल, पाठांतर असेल, किंवा समोरच्याचं चालणं-बोलणं टिपायची नजर असेल. पण ती त्याला स्वतःला कमी महत्त्वाची वाटायला हवी. करुण भूमिकांसाठी आसुसलेला मुलगा मुळात उत्तम विनोदी नट आहे आणि लोक हसले की त्याला अपमान वाटतो, ही एवढी गाठ अख्ख्या कादंबरीला पुरते.

वय किती असावं?

पंधरा ते सतरा. तेराव्या वर्षी स्वप्नं मोठी असतात, पण निर्णय मोठ्यांच्या हातात असतात. अठरानंतर प्रश्नच बदलतात.

प्रथमपुरुषी निवेदन की तृतीयपुरुषी?

विनोदासाठी प्रथमपुरुषी. नायक स्वतःच्या आयुष्याचंही नाट्यरूपांतर करत असतो, ते त्याच्याच तोंडून ऐकण्यात मजा आहे. एक नमुना घ्या:

'मी आरशासमोर मरत होतो. तिसऱ्यांदा. या वेळी डावा हात छातीवर ठेवायचं ठरवलं होतं. गुडघे टेकले, श्वास अडकला, डोळ्यांत पाणीसुद्धा आलं. तेवढ्यात बाहेरून आई म्हणाली, "मरून झालं असेल तर बादली दे बाहेर. कपडे भिजवायचेत."'

'डावा हात ठरवला होता' हा तपशील निवेदकाच्या तोंडी हवा. तृतीयपुरुषी लेखकाने तोच सांगितला की तो मुलाकडे बोट दाखवल्यासारखा वाटतो. आईच्या वाक्यातही टोमणा कमीच आहे, तिला बादली हवी आहे. दोघंही आपापल्या जागी बरोबर असले की संवाद हसवतो.

मोठा झाल्यावर मागे वळून सांगणारा निवेदक मात्र जपून वापरा. त्याला सगळं आधीच कळलेलं असतं. तो दर पानावर शहाणपण सांगू लागला की सोळा वर्षांचा मुलगा गोष्टीतून निघून जातो.

कादंबरीतल्या मुलांनी कोणतं नाटक बसवावं?

या प्रश्नाला पुरेसा वेळ द्या. आत बसवलं जाणारं नाटक नुसतं पार्श्वभूमीला राहिलं तर तालमीची सगळी प्रकरणं पोकळ होतात.

नायकाच्या अडचणीला उलट्या बाजूने भिडणारं नाटक निवडावं. घरी एक शब्द न बोलणाऱ्या मुलाच्या वाट्याला हॅम्लेट आला तर त्याला सुमारे दीड हजार ओळी बोलाव्या लागतात. प्रेमाच्या नावाने नाक मुरडणाऱ्या मुलीला ज्युलिएट मिळू द्या. शेक्सपिअरने ज्युलिएटला चौदावं पूर्ण व्हायलाही दोन आठवड्यांहून थोडे जास्त दिवस बाकी ठेवले आहेत. म्हणजे मोठमोठ्या नट्यांनी गाजवलेली ही भूमिका वयाच्या हिशोबाने तुमच्या पात्रांचीच आहे, आणि हे कळल्यावर त्या मुलीचा भूमिकेकडे बघायचा डोळाच बदलेल.

फ्रेंच नाटककार मोलिएरचं 'काल्पनिक रोगी' हेही चांगलं. आजाराच्या कल्पनेने पछाडलेल्या माणसाचं हे प्रहसन. त्यात ती भूमिका स्वतः करत असताना, 1673 मध्ये चौथ्या प्रयोगाला मोलिएरची तब्येत रंगमंचावर ढासळली आणि काही तासांतच तो गेला. असा इतिहास कळल्यावर मुलं तालमीत काय करतील याचा विचार करा. एकजण तरी खोकला खरा की खोटा यावर वाद घालेल.

हक्कांचंही बघा. 1616 मध्ये गेलेल्या शेक्सपिअरचे संवाद कोणीही छापू शकतं. अलीकडच्या नाटककारांचं तसं नाही. भारतात लेखकाच्या मृत्यूनंतर 60 वर्षं हक्क टिकतात, युरोपीय संघातल्या देशांत 70. आणि भाषांतराचा हक्क वेगळा असतो, हे पुष्कळजण विसरतात. मूळ नाटक मुक्त असलं तरी तुमच्या हातातलं भाषांतर मुक्त असेलच असं नाही. परवानगी घ्या किंवा लागतील तेवढ्या ओळी स्वतः भाषांतरित करा.

तिसरा मार्ग म्हणजे नाटक तुम्हीच रचा. शाळेतल्या सरांनी लिहिलेलं पाच अंकी ऐतिहासिक नाटक, ज्यात प्रत्येक पात्र मरण्याआधी पानभर बोलतं! फक्त एक पथ्य पाळा: त्या नाटकाचं कथानक वाचकाला तीन वाक्यांत कळलं पाहिजे.

नायकाला प्रमुख भूमिका मिळाली पाहिजे का?

माझं मत स्पष्ट आहे: शक्यतो नको. निदान सुरुवातीला तरी नको.

शेक्सपिअरच्या 'मिडसमर नाइट्स ड्रीम'मधला बॉटम आठवा. हौशी कारागिरांची मंडळी नाटक बसवायला जमतात आणि याला सगळ्याच भूमिका हव्या असतात. नायक पिरॅमस तर मिळालेलाच असतो, पण त्याची प्रेयसी थिस्बीही मीच करतो, सिंहही मीच करतो! आणि ज्याला सिंह मिळालाय तो बिचारा विचारतो, संवाद लिहून तयार असतील तर आधी द्या, मला पाठ व्हायला वेळ लागतो. त्याला सांगतात, नुसती डरकाळी फोडायची आहे, पाठ काय करायचंय. चारशे वर्षांपूर्वीचा हा प्रवेश आजच्या कुठल्याही तालमीत जसाच्या तसा घडतो.

तुमच्या नायकाला बॉटमची भूक द्या आणि सिंहाची भूमिका द्या. एका वाक्याची भूमिका असलेला मुलगा त्या वाक्याचं काय काय करतो, यावर प्रकरणं लिहिता येतात. तो पात्राचा पूर्वेतिहास लिहितो, पात्राला बहीण असावी असं दिग्दर्शकाला सुचवतो, 'महाराज, घोडे तयार आहेत' यातला जोर 'महाराज'वर की 'घोडे'वर यासाठी मित्राची झोप उडवतो. या धडपडीतच तो पहिल्यांदा दुसऱ्यांचे संवाद ऐकायला लागतो, कारण स्वतःच्या एका वाक्यासाठी त्याला पाऊण तास विंगेत थांबायचं असतं.

प्रॉम्प्टरचं कामही असंच समृद्ध आहे. सगळं नाटक पाठ, आणि बोलायचं फक्त दुसरा विसरला तर.

तालमीची प्रकरणं रटाळ होतात. उपाय?

एकच प्रवेश पुन्हा पुन्हा दाखवायला घाबरू नका, पण दर वेळी त्यात एकच गोष्ट बदला. पहिल्यांदा हातात संहिता आहे आणि नजर कागदावर. दुसऱ्यांदा संहिता सुटली आहे आणि हातांचं काय करायचं ते कोणालाच कळत नाही. तिसऱ्यांदा पोशाख आला आहे, तो दोन मापं मोठा आहे.

जागेचे तपशील वापरा. नेपथ्य अजून उभं नसतं, त्यामुळे जमिनीवर चिकटपट्टीने भिंती आणि दारं आखलेली असतात. कोणीतरी सरळ भिंतीतून चालत जातं आणि दिग्दर्शक ओरडतो. नवा आलेला मुलगा चिकटपट्टीच्या दारासमोर थांबतो, कडी काढतो, आत येतो, दार लावतो. सगळे हसतात. दिग्दर्शक हसत नाही, तो म्हणतो, 'हा एकटाच घरात राहतोय.' त्या एका वाक्याने त्या मुलाची पुढची दोन वर्षं ठरू शकतात.

प्रयोगात किती गोंधळ घालावा?

एक मोठा, एक-दोन किरकोळ. दाढी सुटली, दार अडकलं, फोन उचलल्यावर वाजला, हे सगळं एकाच प्रयोगात कोंबलं की वाचक विश्वास ठेवत नाही.

मोठा गोंधळ पात्राच्या स्वभावातून आलेला असावा. नुसता अपघात नको. समजा, पाठांतराचा कंटाळा असलेल्या नायकाने स्वतःचं लांब भाषण नाटकातल्या वर्तमानपत्राच्या आत चिकटवून ठेवलंय. प्रयोगाच्या दिवशी वस्तू मांडणारी मुलगी ते फाटकं वर्तमानपत्र काढून तिथे ताजं ठेवते. तिला हे माहीतच नाही, तिने फक्त काम नीट केलंय. नायक प्रकाशात बसतो, पान उलगडतो आणि समोर हवामानाचा अंदाज. आता तो काय बोलतो, त्यावर तुमची कादंबरी उभी आहे.

विसरण्याचं वैषम्य वाटून घेऊ नका, ते या कलेच्या जन्मापासून आहे. नाट्यशास्त्राच्या पहिल्याच अध्यायात, भरताने केलेल्या पहिल्या प्रयोगात चिडलेली विघ्नं नटांची वाणी, हालचाल आणि स्मृती गोठवून टाकतात. शेवटी त्यांना झोडपायला इंद्राला ध्वजदंड उचलावा लागतो. नायकाला ही कथा माहीत असेल तर ब्लँक झाल्यावर तो तिचा दाखला देईलच.

आई-वडिलांनी विरोध करायलाच हवा का?

नाटकाला विरोध करणारे कडक वडील आणि पदराआडून पाठिंबा देणारी आई हे इतक्यांदा झालंय की त्यातून बाहेर या. पोटापाण्याची काळजी करणारे वडील बऱ्याच अंशी बरोबर असतात. त्यांना एक असा प्रसंग द्या जिथे वाचकाला त्यांचंच पटेल.

घरचा माणूस तालमीत ओढला गेला तर फार छान घडतं. मुलगा रोज रात्री आईबरोबर संवाद घोकतो. ती हिशोब करता करता समोरच्या पात्राची वाक्यं सपाट आवाजात वाचते. त्याला त्या सपाट आवाजाचीच सवय होते. प्रत्यक्ष रंगीत तालमीत समोरची मुलगी तेच वाक्य रडत म्हणते आणि हा पार गडबडतो, कारण हे वाक्य असंही असू शकतं हे त्याच्या ध्यानीमनी नसतं. विनोद होतो आणि अभिनयाचा पहिला खरा धडाही मिळतो, समोरच्याकडे बघ.

प्रेमप्रकरण हवं का?

आलं तर येऊ द्या, पण ओढूनताणून नको. रंगमंचावरचं प्रेम आणि खरं प्रेम यांत गल्लत होणं या वयात स्वाभाविक आहे आणि ते हळुवारपणे लिहावं. माझा स्वतःचा ओढा मैत्रीकडे आहे. एकाच भूमिकेसाठी झगडलेल्या दोघांची मैत्री जास्त दिवस लक्षात राहते.

विनोदी कादंबरीत दुःख चालेल का?

चालेलच. रशियन नाटककार चेकॉव्हने आपल्या 'सीगल'ला विनोदी नाटक म्हटलं होतं. त्यात एक तरुण तळ्याकाठी रंगमंच उभारून आपलं नवं नाटक सादर करतो, आणि त्याची आई, स्वतः नामांकित नटी, मधेमधे शेरे मारते. तो चिडून पडदा पाडायला लावतो. प्रसंग हास्यास्पद आहे आणि मुलाचं दुःख शंभर टक्के खरं आहे. त्या नाटकाचा पहिला प्रयोग 1896 मध्ये पीटर्सबर्गला सपशेल पडला, प्रेक्षक नको तिथे हसले. दोन वर्षांनी मॉस्को आर्ट थिएटरने तेच नाटक यशस्वी केलं.

दुःखाच्या प्रसंगानंतर लगेच विनोद पेरून वाचकाला सावरायला जाऊ नका. त्याला तिथे थोडा वेळ राहू द्या.

शेवटी नायक नट झाला पाहिजे का?

गटेचा विल्हेल्म हॅम्लेट करून झाल्यावर नाटक सोडतो आणि तरी त्याची गोष्ट अपयशाची वाटत नाही. तुमचा नायक प्रकाशयोजनेकडे वळू शकतो, लिहायला लागू शकतो, किंवा पुढच्या वर्षी पुन्हा सिंहच होऊ शकतो. मोठ्या शहरातून आलेल्या पाहुण्याने त्याला हेरलं आणि संधी दिली, हा शेवट मात्र टाळा. त्यात नायकाने काहीच केलेलं नसतं.

किशोरांची भाषा कशी लिहावी?

आजची बोली भरभरून वापरली की पुस्तक दोन वर्षांत शिळं होतं. नाटकवेड्या मुलाकडे यावर स्वतःचं उत्तर असतं, तो पाठ केलेल्या संवादांच्या भाषेत रोजचं बोलतो. 'मला आज भूक नाही' ऐवजी 'अन्नावरची वासना उडाली आहे माझी' म्हणतो. मित्र साधं बोलतात, तो भरजरी बोलतो, आणि खरोखर हादरला की त्याचीही भाषा साधी होते. हा बदल कुठेही समजावून सांगू नका.

मी कधीच नाटकात काम केलेलं नाही. तरी लिहू का?

लिहा, पण आधी एखाद्या हौशी संघाच्या तालमींना परवानगी काढून बसा. एकाच नाटकाच्या सुरुवातीच्या, मधल्या आणि शेवटच्या तालमी बघा. शक्य झालं तर एक प्रयोग प्रेक्षागृहातून न बघता विंगेतून बघा. अंधारात वस्तू कोण कुणाला देतं, पोशाख बदलताना कोण बटणं लावतं, प्रवेशाआधी कोण बडबडतं आणि कोण गप्प होतं, हे टिपून घ्या. नटांपेक्षा मागची माणसं जास्त सांगतात.

पहिला मसुदा कोणाला वाचायला द्यावा?

दोघांना. एक नाटकात काम करणारा किशोर आणि दुसरा नाटकाशी काहीही संबंध नसलेला प्रौढ. मत विचारू नका, ते गोड बोलतील. पेन्सिल द्या आणि सांगा, हसू आलं तिथे एक खूण करा, पान न वाचता उलटलं तिथे दुसरी. जिथे किशोर हसला आणि प्रौढाने पान उलटलं, तिथे नाटकातला एखादा तपशील कळलेला नसतो. उलट असेल तर तुम्ही बहुधा मुलांवर वरून हसला आहात. कामाला लागायचं ते या दुसऱ्या पानांपासून.